सोमवारच्या आधीची बैठक

गंगाआक्काने धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या साखरपुड्याची बैठक पुढच्या पौर्णिमेवरून उचलून या रविवारी आणून ठेवली, तेव्हाच तुळसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. नणंदेला घाई म्हणून माहीत नव्हती. भात झोडायला सगळी बौद्धवाडी धावत असली तरी ही खळ्याच्या कडेला पाय पसरून आधी निवांत विडा जमवणार. अशा बाईने मुंबईला तार करून भावाला कळवावं, की शनिवारी निघून ये, बैठक रविवारीच, विहीणबाईंना पुढे सवड नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मुरतच होतं. आणि ते मुरवणारी बाई आता मिरजोळ्याच्या घरात चुलीपुढे बसून काळ्या वाटाण्याचं सांबारं ढवळत होती, जसं काही झालंच नाही.

"वन्सं," तुळसा वड्यांचं पीठ मळता मळता म्हणाली, "विहीणबायना सवड नाय, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"त्यांनीच."

"लांज्याहून येऊन सांगितलं?"

"निरोप आला."

"कुणाकडनं?"

"अगो, तू काय पोलीसपाटील झालंस? पीठ मळ."

तुळसाने पीठ मळलं, पण तोंड बंद ठेवलं नाही. "आज बैठक. उद्या ह्यांचं मतदान. आणि बैठकीत शब्द कोण देणार, तर हेच. मला सगळं समजतं हो."

गंगाने पळी खाली ठेवली. चोरी पकडली गेली की माणूस एक तर रडतो नाहीतर अंगावर येतो. गंगा रडणाऱ्यांपैकी नव्हती. "समजतं ना? मग बोलतंस कशाला? तुझा नवरा सगळ्या दुनियेचा इचार करतो. घरातल्या पोरीचा कुणी करायचा?"

आता महिपतच्या दुनियेबद्दल थोडं सांगायला हवं. गंगाच्या पाठचा हा भाऊ विमान चालवायचा. बौद्धवाडीतलाच काय, अख्ख्या पंचक्रोशीतला पहिला. कंपनी लहान, विमानंही लहान, पण त्यातलं एक मिरजोळ्याच्या सड्यावरच्या धावपट्टीवर उतरायचं तेव्हा गंगा हातातलं टाकून घरामागच्या परड्यात येऊन उभी राहायची, आणि विमानात दुसराच कुणी असला तरी महिपतच आहे असं समजून हात हलवायची. त्याच कंपनीत जानू मोहिते हा महिपतच्या हाताखाली को-पायलट होता. मुक्कामाला घरी यायचा, सुनंदाच्या हातचे घावणे खायचा. घावणे संपले तरी उठायचा नाही. तेव्हाच सगळ्यांना कळलं.

आणि आता कंपनी तोट्यात गेली होती. निदान मालकांचं म्हणणं तसं होतं. त्यांनी वैमानिकांपुढे करार ठेवला होता. सगळ्यांनी पगाराचा चौथा हिस्सा सोडा, भत्ते अर्धे करा, म्हणजे कुणाला काढणार नाही. करार नको असेल, तर सगळ्यात शेवटी लागलेल्या अकरा जणांना बिनपगारी घरी बसवू, आणि बरे दिवस आले की बोलावू. करारात आणखीही अटी होत्या, पण महिपत पत्रात त्या सांगायला लागला की गंगाला जांभई यायची. तिला एवढंच कळलं होतं, की शेवटच्या अकरांत जानू आहे. आणि महिपत, ज्याच्या तोंडाकडे बघून अर्धे वैमानिक मत देणार होते, तो छातीवर हात मारून 'नाही' म्हणत फिरतो आहे.

पंधरा दिवस तिने त्याला पत्रातून समजावलं, धमकावलं, शेवटी रडूही आल्यासारखं लिहिलं. महिपत हलला नाही. मग तिला वाडीचा नियम आठवला.

वाडीत मुलगी द्यायची तर बैठकीत अध्यक्ष एक प्रश्न विचारतात, "मुलगा कायम आहे का?" हा प्रश्न जुन्या मंडळींनी उगाच घातलेला नाही. मुंबईच्या गिरणीत बदलीवर चार दिवस काम करून, इस्त्रीचा शर्ट घालून गावाला यायचं आणि 'आपण कायम' म्हणून मिरवायचं, अशा बहाद्दरांनी किती पोरींना फसवलं होतं. म्हणून नियम असा, की उत्तर मुलाने द्यायचं नाही, त्याच्या बापानेही नाही. मुलगा ज्या खात्यात आहे त्याच खात्यातल्या माणसाने उभं राहून शब्द द्यायचा. पुढे तो शब्द खोटा निघाला, तर बैठकीपुढे मान खाली घालून उभं राहायचं ते शब्द देणाऱ्याने.

जानूच्या खात्यातला वाडीला ठाऊक असलेला माणूस एकच होता. रविवारी चारचौघांत 'कायम आहे' असा शब्द दिल्यावर सोमवारी त्याच जानूला घरी बसवणारं मत महिपत कसा देणार? तो शब्दाला जागणारा माणूस होता. त्याला तसं वाढवलं होतं गंगानेच. आई गेली तेव्हा सुनंदा रांगत होती, आणि नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या गंगाने काजूच्या कारखान्यात हात काळे करून दोघांना मोठं केलं होतं. त्या हातांनी घडवलेला प्रामाणिकपणा एकदा तरी आपल्या उपयोगी पडावा, एवढीच तिची अपेक्षा होती.

"मी काय बोलणार नाय," तुळसा शेवटी हळूच म्हणाली. "मलाबी भीती वाटते. हे 'नाही' बोलले तर मालक उद्या ह्यांच्यावरबी डूख धरतील. पण मला ठाऊक होतं असं ह्यांना सांगू नका."

"तुला काय ठाऊक हाय?"

"कायच नाय."

"मग वडे थाप," गंगा म्हणाली, आणि दोघींचं जमलं.

महिपत पडवीत बसून चहा पीत होता. गंगा बाहेर आली तसं त्याने विचारलं, "आक्का, जानूच्या आईला नक्की आजच हवं होतं?"

"तुला काय अडचण हाय? उद्याचं तुझं मतदान काय पळून जातंय?"

"तसं नाय. जानूचं काय व्हतंय ते उद्या कळेल. त्यानंतर बैठक घेतली असती तर बरं झालं असतं."

"मग तू उद्या हो बोल ना मेल्या. म्हणजे आजच कळलं."

महिपतने कप खाली ठेवला. त्याला राग येत नसे, हाच त्याचा मोठा दोष होता. "मागं रात्रीच्या उड्डाणाचा भत्ता सोडला आम्ही. बोलले, वर्षभरात परत देतो. अजून देतायत. मग मुक्कामाचा खर्च सोडला. आता पगार. पुढच्या खेपेला काय सोडायचं? मालक नवीन विमान घेतायत, आक्का. त्याला पैसा हाय."

"आणि जानू?"

"त्याला बोलावतील परत."

"कवा?"

महिपतने खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. "हां," गंगा म्हणाली, "तिथं तुझी बोलती बंद व्हते." आणि आपण जिंकलो असं समजून ती पातळ बदलायला आत गेली.

बैठक विहारात भरली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये तक्क्याला टेकून दादू गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी हयात घालवून निवृत्त झालेले, वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष. मेणबत्ती लागली, त्रिशरण-पंचशील झालं. जानूची आई येसूबाई लांज्याच्या पलीकडच्या आपल्या गावाहून भावाला आणि चार पाहुण्यांना घेऊन आली होती, आणि कडक लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसली होती. तिलाही गंगाने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. दोघी विहिणी एकमेकींकडे बघत नव्हत्या, यावरूनच ते कळत होतं.

पाहुण्यांची ओळखपाळख झाली. मुलीची पसंती, मुलाची पसंती झाली. मग दादू गुरुजींनी घसा साफ केला.

"मुलगा कायम आहे का? शब्द कोण देतंय?"

महिपत उभा राहिला. त्याने एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा जानूकडे. मग त्याची नजर बायकांच्या रांगेतून सरकत गंगावर आली आणि तिथेच थांबली. बैठक रविवारी का, तार का, विहीणबाईंची सवड का, सगळं त्याला त्या एका क्षणात उमगलं. गंगाने पदर सारखा केला आणि जमिनीकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"जनार्दन मोहिते माझ्याबरोबर विमान चालवतो," महिपत म्हणाला. "हात चांगला, डोकं थंड. पावसाळ्यात मी त्याच्या हातात विमान देऊन निर्धास्त बसतो."

"ते विचारलं नाय मी," दादू गुरुजी म्हणाले. "कायम आहे का?"

महिपतच्या कपाळावर घाम आला होता. गंगाने त्याला असा कधी पाहिला नव्हता, परीक्षेच्या निकालालाही नाही. त्याने तोंड उघडलं.

"तो..."

"सर, नका बोलू."

जानू उभा राहिला होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. येसूबाईने तर भावाच्या दंडालाच धरलं.

"मुलाने बोलायचं नसतं," गुरुजी म्हणाले.

"ठाऊक हाय, गुरुजी. पण सरांना खोटं बोलायला लागंल नायतर माझं लगीन मोडायला लागंल. दोन्ही त्यांच्या हातनं नको." जानू जरा अडखळला, मग सरळ उभा राहिला. "मी कायम नाय. उद्या आमचं मतदान हाय. करार पडला तर मला घरी बसवतील. सर करार नको बोलणार हायत. आणि मीबी नकोच बोलणार हाय."

"जान्या, खाली बस!" येसूबाई ओरडली. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस? करार झाला तर तुझी नोकरी राहते ना?"

"राहते, आई. पण कशी राहते ते ऐक. आम्ही अकरा जण, नि आमच्या मागनं जे येतील ते सगळे, खालच्या श्रेणीत. दोन वर्षं नाय, चार वर्षं नाय. कायम. त्याच विमानात, शेजारी शेजारी बसायचं. काम तेच, ढग तेच, वादळ तेच. आणि मी कॅप्टन झालो तरी खालचाच कॅप्टन. वरती जायला वाट ठेवलेलीच नाय त्यांनी. म्हणजे दुसरी पंगत झाली ना ती? एका विमानात दोन पंगती?"

बायकांच्या रांगेत कुणीतरी हलकेच 'अरे देवा' म्हटलं. गंगाने जानूकडे नीट पाहिलं. महिपत पंधरा दिवस सांगत होता ती अट हीच होती तर, आणि आपण जांभया देत होतो.

दुसरी पंगत तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोताच्या घरचं लग्न, सगळं गाव जेवून उठल्यावर गोठ्यापलीकडे मांडलेली पानं, आणि वरून टाकलेला भात. ती तेव्हा परकर नेसायची आणि त्या भाताची वाट बघायची, कारण भूक लागलेली असायची. मग छप्पन साली तिच्या बापाने, भिवाने, धर्म बदलला आणि त्याबरोबर ती पंगत आणि गावकीची कामं एका दिवसात सोडली. गावकीचं धान्य बंद झालं. त्या पावसाळ्यात घरात रानातले करांदे उकडून खाल्ले होते, सकाळी करांदे आणि रात्री करांदे. गंगाने तेव्हा बापाला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या होत्या. बाप जाईपर्यंत तिने ते त्याला सांगितलं नव्हतं.

"पंगत काय नि बिंगत काय," येसूबाई थांबायला तयार नव्हती. "घरी बसलेल्या नवऱ्याला घेऊन ही पोरगी काय खाईल? आणि माझा पोरगा काय सासरवाडीला येऊन राहणार? घरजावई म्हणून? आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा राहील?"

दादू गुरुजींनी हात वर केला. "नियम म्हणजे नियम. मुलगा कायम नाही, तो स्वतःच सांगतोय. बैठक तहकूब. वर्षभर थांबा, कामावर बोलावलं की बघू."

"गुरुजी, मी बोलू?"

बैठकीत मुलीने बोलायचं नसतं हे सुनंदाला ठाऊक होतं, पण ती उभी राहून चुकली होती. नवी साडी तिला जड झाली होती आणि पदर खांद्यावर राहत नव्हता. गंगाने तिची निरी ओढली, खाली बस म्हणून. सुनंदाने आक्काचा हात हळूच बाजूला केला.

"बोल," गुरुजी नाइलाजाने म्हणाले.

"मी कायम आहे."

कुणालाच काही कळलं नाही.

"मिरजोळ्याच्या शाळेत. दोन वर्षं झाली कायम होऊन. पेढे तुम्हीही खाल्लेत, गुरुजी. नियम कशासाठी केला? पोरगी उपाशी राहू नये म्हणून ना? मी उपाशी राहणार नाय. हासुद्धा राहणार नाय. घरात एक कायम असला म्हणजे झालं. तो बाप्याच असला पाहिजे, असं नियमात कुठं हाय?"

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं. दादू गुरुजी हसले नाहीत. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, तो पेचातून मान काढायला बघणारच. "तसं धरलं तरी," ते म्हणाले, "शब्द लागतो. मुलीच्या खात्यातल्या माणसाचा. तो कुठे आहे इथे?"

"समोर बसलाय," सुनंदा म्हणाली. "शाळाखातं. तुमचंच."

आता मात्र सगळा विहार हसला. जे नियमाच्या बाजूने होते तेही हसले. दादू गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सुनंदाला त्यांनीच पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं, आणि आता तिच्याकडे बघताना त्यांना त्याचा पश्चात्ताप होत होता की अभिमान वाटत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मग ते तक्क्याला हात लावून सावकाश उठले.

"माझ्या खात्यातली आहे," ते म्हणाले. "कायम आहे. मी शब्द देतो."

येसूबाई अजून फुरंगटलेलीच होती. गंगा आपल्या जागेवरून उठली आणि सगळ्यांदेखत तिच्या शेजारी जाऊन बसली. काल या दोघी एका बाजूला होत्या. आज एकटीच राहिलेल्या येसूबाईची गंगाला दया आली, कारण सकाळपर्यंत तीही तशीच बोलत होती.

"विहीणबाय, घरजावई कोण करतंय त्याला? माझं घर लहान हाय. सुनंदा लांज्याकडं बदली मागंल. दोघं तुमच्याकडं राहतील. तुमच्या शेताला नायतरी माणूस हाय कुठं?"

"त्याला लावणी तरी जमते काय? विमानात बसून बसून कंबर वाकत नाय त्याची."

"तुम्ही हायत ना वाकवायला."

येसूबाईने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते दाबलं गेलं नाही. "माझी सून बोलायला भारी हाय," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, आणि 'माझी सून' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. तुळसा साखरेचं ताट घेऊन लगबगीने पुढे झाली. असल्या वेळी उशीर करायचा नसतो हे तिला कळत होतं.

साखर वाटली जात असताना महिपत विहाराबाहेर चिऱ्याच्या गडग्याला टेकून उभा होता. गंगा त्याच्याजवळ गेली. समोर कापून झालेले मळे पसरले होते.

"मला अडकवायला बैठक आज घेतलीस," महिपत म्हणाला.

"व्हय."

"तुळसाला ठाऊक होतं?"

"तिला कायच ठाऊक नव्हतं," गंगा म्हणाली. दिलेला शब्द म्हणजे शब्द.

महिपतने पायातली चप्पल गडग्यावर घासली. तो एकाएकी थकलेला दिसला, कानाजवळ केस पांढरे झालेले. "मी बोलणार होतो, आक्का. 'कायम आहे' म्हणून. तो उठला नसता तर मी बोललो असतो आणि उद्या हो म्हणून मत दिलं असतं. सुनंदाकडं बघवत नव्हतं." तो थांबला. "अजून वेळ हाय. माझ्यामागं बरीच मतं हायत. तू सांग, मी उद्या हो बोलतो. पगार गेला तर गेला. खालच्या श्रेणीचं मागनं भांडून बघू. पोरांचा संसार तरी नीट सुरू व्हईल."

गंगाला पंधरा दिवस हेच हवं होतं. यासाठी तिने तार केली होती, खोटा निरोप रचला होता, भावजयीला गप्प बसवलं होतं. आता ते आपणहून तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आणि म्हणावंसं तिला वाटतही होतं, अगदी मनापासून. नुकती लग्न झालेली सुनंदा लांज्याच्या एस.टी.त धक्के खात शाळेला जातेय, जानू दुसऱ्यांची गुरं बघत वरून जाणाऱ्या विमानाचा आवाज ऐकतोय, हे तिला स्पष्ट दिसत होतं. बाई खंबीर होती, पण दगड नव्हती.

"उद्या 'नाही' बोल," ती म्हणाली.

महिपतने तिच्याकडे पाहिलं.

"मोठ्यानं बोल. शेवटच्या बाकड्यावरच्याला ऐकू गेलं पायजे. कुणी विचारलं तर सांग, घरातल्या थोरलीनं सांगितलंय."

"आणि जानूला परत बोलावलंच नाय तर?"

"तर नाय बोलावलं." तिने पदर कमरेला खोचला. "मी दुसऱ्या पंगतीला जेवलेय, महिपत. पोट भरतं तिथं. खोटं कशाला बोलू? भात चांगला असायचा खोताचा. पण जेवून घरी चालत येताना आबा आमच्याशी बोलायचा नाय. अख्ख्या वाटेत एक शब्द नाय."

महिपतने बहिणीचा काजूच्या तेलाने डागलेला हात हातात घेतला, लहानपणी घ्यायचा तसा, आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी तिनेच तो सोडवून घेतला.

"जा आता," गंगा म्हणाली. "विमान चुकेल तुझं."